फळीवरची कोरी जागा

जमीर मिस्तरीले फुलसावंगी रोडवरच्या जिनिंगमधी बावीस वर्षं झाले. मशीनचा आवाज आयकून कोनता रूळ घासून राह्यला हे तो डोळे मिटून सांगे. लोक त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात. बोलू द्या. मानूस खोटा नोहता. आयुष्यात तोंडानं एकदाच खोटं बोलला, अन् जिच्यासंग बोलला ते बाई मेली. मंग ते परत आली.

ज्यानं जिनिंग आतून पायली नाही त्याले वाटते, तथी कापूस अन् रुई असंन. असते. पन सगळ्यात जास्त धूळ असते. दोन जातीची. एक काळी, वाळल्या पानाची अन् मातीची भुकटी. दुसरी पांढरी, रुईची बारीक लव, मशीन बंद झालं तरी हवेत लटकून राहते. काळी छातीत जाते. पांढरी भुवईवर बसते अन् पंचवीस वर्षाच्या पोरीले म्हतारी करते.

म्हनून पाळी सुटतानी बायाईले रोज गुळाचा खडा भेटे. जिनिंग उभी राह्यली तवाची ही पद्धत. गूळ खाल्ला का धूळ पोटात जाते, छातीत राहत नाही, असं शेठ मानत, बाया मानत, जमीर बी मानत होता. त्याच्यामुळं धुळीचं काय करायचं, हे कोनी कधी विचारलंच नाही. गूळ होता ना.

बिजलीबाई सात नंबरच्या मशीनवर कापूस टाके. तांड्यावरून येऊन जिनिंगच्या मांगंच घर केलं होतं तिनं. उजवीकडचे दात सारे पडले होते. गूळ डाव्या दातानं तोडे, अर्धा खाये, अन् अर्धा जमीरच्या टूलबॉक्सवर ठेवे, कारन मिस्तरी लोकाईले गूळ भेटत नसे.

"घे भिया, तुही मजुरी."

भिया म्हंजे तिच्या बोलीत भाऊ.

"उष्टं देते काय वं बाई?" जमीर म्हने.

"तू कोनता दुधानं धुतलेला हायेस? खाय मुकाट्यानं."

अन् तो खाये. घरी बायको अकीलानं केलेली खीर टाळीन, पन हा अर्धा खडा टाळत नसे.

आता पाइपाची गोष्ट.

जिनिंगच्या मांगच्या भिंतीले लागून धुळीची कोठी होती. मोठा पंखा काळी भुकटी ओढून त्या कोठीत टाके. आत ओले बारदाने टांगलेले, भुकटी त्याले चिकटून राहे. कोठी चांगली होती, तिची काही चूक नोहती. फक्त दर आठ दिवसानं तिले रिकामी करावी लागे, बारदाने धुवावे लागत, अन् तोपर्यंत सारं मशीन बंद. भर सीझनमधी मशीन बंद ठेवाले कोन तयार होते? कोठी तुंबे, पंखा उलटी मारे, अन् भुकटी परत बायाईच्या तोंडावर.

तीन वर्षाखाली एका दुपारी बिजलीबाई मशीनवरून उतरली अन् भिंतीले टेकून बसली. व्होट काळे पडले होते.

"भिया, जीव चालला. काहीतरी कर ना रे!"

जमीरनं कोनाले विचारलं नाही. जेवनाच्या सुट्टीत छन्नी-हातोडा घेतला, मांगच्या भिंतीच्या इटा काढल्या, पत्र्याचा वाकडा तुकडा जोडला अन् कोठीत जानारं पाइपाचं तोंड सरळ भायेर फिरवलं. पंखा सुरू केला तं पाच मिनिटात आतली हवा अशी साफ झाली का समोरच्या बाईच्या कपायावरची टिकली दिसे. बाया हसल्या; मिस्तरीनं पंखा नीट केला, एवढंच त्याईले समजलं. बिजलीबाईनं त्या दिवशी अख्खा खडा देला.

पन भिंत जमीरनं आतूनच पायली होती. पलीकडं काय हाये हे त्याले मालूम नोहतं असं नाही, त्या घडीले ध्यानात नोहतं. पलीकडं बारा घरं होते. ह्याच बायाईचे. पाइपाच्या तोंडासमोरचं पहिलं घर बिजलीबाईचं.

चार दिवसानं त्यानं भायेरून पायलं. तिच्या आंगनात काळी साय धरली होती. तवाच पाइप परत फिरवाले पाह्यजे होता. पन फिरवला तं कोठी साफ करा, मशीन बंद ठेवा, अन् पुसल्याबिगर भिंत कोनं फोडली हे ऑफिसले सांगा. त्यानं मनाले समजावलं, हवा घेऊन जाईन. हवा कुठी घेऊन जाते, हे त्यानं मनाले विचारलं नाही.

अजून एक. कोठी साफ केली का तिच्या दारावर खडूनं एक रेघ मारायची, असा ऑफिसचा नियम होता. मॅनेजर मधुसूदनबाबू दुरून रेघा पाहे अन् मान हलवे. मानूस वाईट नाही, पन त्याच्या पायातल्या चपला कधी मांगच्या भिंतीपर्यंत गेल्याच नाही. जमीर दर आठ दिवसानं रेघ मारत राह्यला. रिकाम्या कोठीच्या दारावर तीन वर्षाच्या खोट्या रेघा.

मांगच्या पौषात बिजलीबाईचं काम सुटलं. चार पावलं चालली का धाप. आंगनात खाटेवर उन्हात बसून राहे, पाइपाच्या खालीच. जमीर भेटाले गेला. तिनं पदर नाकाले लावला होता, अन् त्या पदराचा लाल रंग कुठं गेला हे समजत नोहतं.

"भिया, हा पाइप कोनं बसवला रे?"

जमीरनं जमिनीकडं पायलं. "ऑफिसनं."

"ऑफिसले सांग ना बापा, थोडा तिकडं फिरव म्हना. रोटीवर बी येते."

"सांगतो."

त्यानं सांगतलं नाही. चैत्रात ते गेली. सरनावर ठेवली तवा बी तिच्या पापन्यावर भुकटी होती, अन् तिच्या जावेनं, हंसाबाईनं, ते पदरानं पुसली.

औंदाचा सीझन सुरू झाला. पहिल्या दिवशी जेवनाची सुट्टी झाली, मशीन बंद पडले. जिनिंगमधी मशीन बंद पडले का कान बधिर होतात. त्या शांततेत वरून पांढरी लव उतराले लागते, आवाज न करता, दहा-पंधरा मिनिटं. सारं पांढरं होते. पट्टे, टोपले, बायाईच्या चपला.

भिंतीजवळ एक लांब फळी हाये, बाया तथी बसून डबे खातात. त्या दिवशी बाया भायेर उन्हात बसल्या होत्या. जमीर पाना घेऊन आत आला अन् फळीपाशी थांबला. फळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली होती. फक्त मधात एक हातभर जागा कोरी होती. लाकडाच्या रेघा दिसून राह्यल्या होत्या. फळीच्या खाली, फरशीवर, दोन पावलाचे कोरे ठसे. जसं कोनी बसून राह्यलं अन् लव त्याच्या अंगावर पडत राह्यली, खाली पोचलीच नाही.

ते जागा कोनाची होती, हे सांगाची गरज नोहती.

जमीर मिस्तरी होता, भगत नोहता. त्यानं आधी हवेचा झोत शोधला. उदबत्ती लावून धरली, धूर सरळ वर गेला. मंग चिमूटभर रुई घेऊन त्या जागेच्या वर सोडली. रुई खाली आली, फळीच्या हातभर वर थांबली, अन् हळूच बाजूले घसरली. कोनाच्या खांद्यावरून घसरावं तशी.

त्याचा पाना हातातून पडला. फरशीवर आवाज घुमला तं हंसाबाई दारात आली.

"काय झालं मिस्तरी?"

त्यानं फळीकडं बोट केलं. तिनं पायलं. तिच्या पायाखालची लव उडाली, एवढ्या जोरात ते मांगं सरकली. मंग पदर डोक्यावर घेतला अन् डब्यासंगं घरून आनलेला गुळाचा खडा त्या कोऱ्या जागेवर ठेवला.

"तिले आपला हिस्सा पाह्यजे असंन," ते म्हने.

दुसऱ्या दिवशी खडा तथीच होता. एक मुंगी नाही. जिनिंगमधी गुळाले मुंगी नाही लागली असं कधी झालं नोहतं. अन् रातभर लव बसूनबी खडा तांबडा तं तांबडाच.

त्या दुपारी फळीपासून एक पाऊल पुढं ठसा होता.

बाया रोज पाळी सुटल्यावर झाडझूड करत. रोज दुपारी लव नव्यानं पडे, जुने ठसे नव्यानं उमटत, अन् एक जास्तीचा. आपन धुळीत पाय टाकतो तं ठसा दाबलेला असते. हे तसे नोहते. हे नुसते कोरे होते, धूळ पडलीच नाही असे. एक अंगठा थोडा वाकडा. बिजलीबाईच्या पायावर एकदा कापसाची गाठ पडली होती, तवाचा.

बाया काय बोलतीन? सात नंबरवरची नवी पोरगी दोन दिवसात काम सोडून गेली. बाकीच्या त्या वाटंवर पाय टाकत नसत, वळसा घालून टोपले नेत. हंसाबाई एकटीच बोले.

"ते चालून राह्यली मिस्तरी. कुठी चालून राह्यली असंन?"

"मले काय माहीत?"

"तुले नाही तं कोनाले माहीत असंन? तुले भिया म्हने ना ते?" अन् ते खोकलली. खोकला खालून आला, पोटातून, अन् लवकर थांबला नाही. जमीरनं तो खोकला ओळखला. पौषात खाटेवरून आयकला होता.

ठसे कोठीकडं चालले होते, हे त्याले तिसऱ्या दिवशीच समजलं होतं. फळीपासून कोठीचं दार एकोनीस पावलं. त्यानं आपल्या पायानं मोजलं, मंग तिच्या पायानं. दोन्हीनं एकोनीस.

जुम्म्याच्या दिवशी घरी जेवतानी त्यानं अकीलाले सारं सांगतलं. अकीला रोटी फिरवत आयकत होती. शेवटी म्हने, "आपने उससे झूठ बोला था ना?"

"हां."

"तो फिर किसका रास्ता देख रहे? वो तो आयेगी. मैं भी आती."

त्याच हप्त्यात मधुसूदनबाबूनं सगळ्याले फाटकापाशी गोळा केलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या गौरी मॅडम येनार होत्या. त्या महिनाभरापासून कामाच्या जाग्या फिरून राह्यल्या होत्या. इटभट्ट्या, टायरचे गॅरेज, दालमिल, जिनिंग. ज्याचा धूर त्यानं आवरावा, ज्याची धूळ त्यानं आपल्या फाटकाच्या आत थांबवावी, एवढंच त्याईचं म्हननं. कारन दवाखान्यात खोकलत येनाऱ्या लोकाईचा पत्ता पुसला का दर वेळी कोन्या ना कोन्या कारखान्याची मांगची भिंत निंगे.

"आपली जिनिंग बाकीच्याले दाखवायची हाये," मधुसूदनबाबू छाती फुगवून म्हने. "पांढरकवड्याकडचे जिनिंगवाले बी येनार. आतली हवा पाहून ते लोक तोंडात बोट घालतीन. मिस्तरी, कोठी कशी ठेवता हे तुम्हीच सांगसान."

"कवा येनार?" जमीरनं विचारलं.

बाबूनं तारीख सांगतली. जमीरनं बोटावर मोजलं. पहिलं पाऊल पुढं पडलं तवापासून एकोनिसावा दिवस.

तो आठवडा जमीरले जेवन गेलं नाही. कोनी त्याले भेकड म्हनंन तं म्हनो, पन त्याले नोकरीचं भेव नोहतं. मशीनच्या मिस्तरीले उमरखेडात बी काम भेटते, पुसदमधी बी. त्याले भेव होतं बायाईचं. बावीस वर्षं ज्या बाया त्याले आपल्या डब्यातलं देत, घरच्या भानगडी सांगत, त्याईले समजंन का ज्या पाइपाले त्या रोज शिव्या देतात तो ऑफिसनं नाही, मिस्तरीनं बसवला. मंग तो कोनाचा भिया? एक वेळ बिजलीबाईचं भूत परवडलं, हंसाबाईची नजर नाही.

सतराव्या दिवशी तो अंधूक आशेनं फळीच उचलून दुसऱ्या भिंतीले लावून आला. दुपारी लव पडली. फळी साऱ्या लांबीवर पांढरी. अन् जुन्या जागेवर फरशीवर कोरा गोल, जशी बाई फळी नाही तं नाही, खालीच मांडी घालून बसली. तिथून सतरा पावलं. गुळाचा खडा गोलाच्या मधात. तो खडा जमीरनं तथी ठेवला नोहता. फळीसंगं दुसऱ्या भिंतीपाशी गेला होता तो.

त्यानं गपचूप फळी परत आनून ठेवली.

एकोनिसाव्या दिवशी पाहुने जेवनाच्या सुट्टीत आले. गौरी मॅडम बारीकशी बाई, तोंडाले साधा रुमाल. संग चार-पाच जिनिंगवाले, पांढऱ्या कपड्यातले. मशीन नुकतेच बंद पडले होते. लव उतरून राह्यली होती.

"वा! अथी तं श्वास घेता येते हो!" एक शेठ म्हने. "आमच्याकडं समोरचा मानूस दिसत नाही."

मधुसूदनबाबूनं कोठीच्या दाराकडं हात केला. "पाहा रेघा. दर आठ दिवसानं सफाई. एक बी चुकली नाही. मिस्तरी, सांगा ना सायबाले."

जमीर दाराजवळ उभा होता. सकाळपासून त्यानं खाली पायलं नोहतं. आता पायलं. ठसे फळीपासून सरळ आले होते, दाराकडं तोंड करून, अठरा. एकोनिसावा दारापाशी पाह्यजे होता.

तो दारापाशी नोहता. त्याच्या समोर होता. दोन्ही पावलं जोडून, बोटं त्याच्याकडं. वाकडा अंगठा त्याच्या बुटापासून चार बोटावर. अन् त्याच्या तोंडासमोरची लव खाली पडत नोहती. बाजूले होऊन राह्यली होती.

नाकात वास आला. गुळाचा. कोनी जवळून बोलल्यावर येते तसा.

"मॅडम," जमीर म्हने, अन् त्याचा आवाज त्यालेच ओळखू आला नाही. "आत काय पाहून राह्यले? भायेर चला."

"भायेर काय हाये?" मधुसूदनबाबू हसला.

"भायेर आपली धूळ हाये."

तो पुढं निंगाला, बाकीचे मांगं. फाटकातून, भिंतीच्या कडेनं, मांगच्या गल्लीत. तथी बाया आपापल्या आंगनात डबे खात होत्या, ताटावर ताट झाकून. बिजलीबाईची खाट अजून तथीच उभी केलेली, काळीशार. वर पाइपाचं तोंड.

जमीरनं साऱ्याच्या समोर सांगतलं. भिंत म्या फोडली. कोनी सांगतलं नोहतं. रेघा म्या मारल्या, साऱ्या खोट्या. कोठी चालते, तिले फक्त साफ करावं लागते. बिजलीबाईनं मले पुसलं होतं पाइप कोनं बसवला, अन् म्या ऑफिसचं नाव घेतलं. ऑफिसचा यात गुन्हा एवढाच का ऑफिस कधी अथी आलं नाही.

मधुसूदनबाबूचं तोंड पडलं. त्यानं पाइपाकडं पायलं, मंग आपल्या चपलाकडं. काळ्या झाल्या होत्या.

गौरी मॅडम जिनिंगवाल्याकडं वळल्या. "तुमच्या मांगच्या भिंती पाहाले कवा येऊ?"

मंग पांढरकवड्याकडचा एक म्हतारा शेठ खाकरला. "माह्याकडं परवा या. आमच्यात कोठीच नाही." बाकीचे आपापल्या गाड्याकडं चालू लागले.

हंसाबाई ताट खाली ठेवून उठली. जमीरसमोर येऊन उभी राह्यली. तो थापडीची वाट पाहत होता. थापड बरी झाली असती.

"तू तिच्या तिरडीले खांदा देला होता," ते म्हने.

"हो."

"तवा बी सांगतलं नाही."

"नाही."

ते खोकलली. मंग पदरानं तोंड पुसलं. "पाइप कवा फिरवते?"

"आता."

"कोठी कोन साफ करीन?"

"मी."

"दर आठ दिवसानं आमी पाहू. खडूची रेघ नको आमाले, बारदाने दाखव." ते वळली, मंग परत फिरली. "अन् मिस्तरी, तुले गूळ नाही."

बिजलीबाई गेल्यापासून हंसाबाईच त्याले खडा देत होती, अख्खा. तो त्या दिवसापासून बंद झाला.

पाइप त्याच दुपारी फिरला, भिंत दोन दिवसात बुजवली. मधुसूदनबाबूनं जमीरले काढलं नाही. शेठसंगं काय बोलला कोन जाने, पन आता दर आठव्या दिवशी अर्धी पाळी मशीन बंद राहते अन् बाबू स्वता चपला घालून कोठीपर्यंत येते. नाकाले रुमाल लावते, पन येते. बारा घराईच्या आंगनात आता मिरच्या वाळतात.

बाया जमीरसंगं कामापुरतं बोलतात. डब्यातलं कोनी देत नाही. कोठीतून तो काळा होऊन निंगते, बारदाने हंसाबाईसमोर पसरवते, ते पालथे करून पाहते, अन् "हं" म्हनते. एवढंच.

ठसे त्या दिवसानंतर उमटले नाही. फळीवरची कोरी जागा बी भरून गेली. गुळाच्या त्या जुन्या खड्याले एक दिवस मुंग्या लागल्या, लांब रांग, अन् संध्याकाळपर्यंत संपवून गेल्या. बायाईनं सुटकेचा श्वास टाकला. सात नंबरची पोरगी परत आली.

सीझनच्या शेवटच्या दिवशी, पाळी सुटाच्या टायमाले, जमीर कोठी धुवून भायेर आला. बाया गूळ घेऊन फाटकाकडं चालल्या होत्या. त्याच्या टूलबॉक्सवर लव बसली होती, पांढरी, जाड. तिच्या मधात एक खडा होता, तांबडा, कोरा.

"हंसाबाई!" त्यानं हाक मारली. "हा तुनं ठेवला?"

ते दारातूनच पाहून राह्यली. जवळ आली नाही.

"मी देते तं अख्खा देते," ते हळूच म्हने.

जमीरनं खडा उचलला. अर्धा होता. तुटलेल्या कडंवर दाताच्या खुना होत्या, साऱ्या डाव्या बाजूच्या. अन् तो अजून वला होता.